मायच्या पोटातलं अन्न

लातूर जिल्हा झाला त्या सुमारास मी औशाला शाळेत विज्ञान शिकवत होते. आमच्या बौद्ध वस्तीतली नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. खोली भाड्यानं घेतली आणि मायला गावाहून माझ्याकडे आणलं. तिनं आता बसून खावं, एवढीच माझी इच्छा होती.

पण तिला खाणं सोसत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची आणि स्वतः तंबाखूवर दिवस काढायची. तेव्हाच कधीतरी तिचं पोट दुखायला लागलं. जेवून दोन-तीन तास झाले की दुखायचं, भाकरीचा तुकडा खाल्ला की थांबायचं. तिला ती भूकच वाटली. पुढं दहा वर्षं ती त्या दुखण्यावर शिळी भाकरी, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा घेत राहिली.

औशाला आल्यावर दुखणं कमी झालं आणि उलट्या सुरू झाल्या. रोज नाही, दोन दिवसांआड, संध्याकाळी. मी शाळेतून यायच्या आत ती मोरीत पाणी ओतून मोकळी व्हायची. मला पत्ताच नव्हता.

मग मी आठवीला पचन शिकवायला घेतलं. फळ्यावर जठर काढलं. अन्न इथं तीन-चार तास घुसळलं जातं, आम्लात भिजून त्याची पेजेसारखी लापशी होते. मग खालचं स्नायूचं कडं जरा जरा उघडतं आणि ती लहान आतड्याच्या पहिल्या वळणात सोडतं. तिथं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. मुलींनी वहीत आकृती उतरवली. त्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आले तर माय मोरीत वाकलेली. पाठ चोळायला मी खाली बसले आणि मला मेथीची पानं दिसली. अख्खी. मेथी आदल्या दिवशी सकाळची होती.

"किती दिवस असं होतंय?"

"लई न्हाई," ती म्हणाली. "दिवाळीपासनं."

संक्रांत होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिला एसटीनं लातूरला नेलं. डॉक्टरांनी तिला खाटेवर झोपवलं, दोन्ही हातांनी कंबर धरून हलकेच हलवलं. पोटात पाणी डचमळल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"मावशी, सकाळपासून काय खाल्लं?"

"कायबी न्हाई. पाणीबी न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मग हे कालचं आहे, बाई."

खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजून त्यांनी एक्स-रे काढला. खिडकीशी धरून दाखवला. जठर ओटीपोटापर्यंत लोंबलेलं होतं आणि पुढं काही गेलेलंच नव्हतं. आतड्याच्या सुरुवातीलाच जुना व्रण होता. चिघळत, भरत, पुन्हा चिघळत त्यानं वाटच आवळून टाकली होती.

"जठर अन्न शिजवून ठेवतं म्हणा," ते म्हणाले. "अंगी लागतं ते पुढं आतड्यात. तिथं यांचं फारसं काही पोचतच नाही. जेवत होत्या, पण उपाशी होत्या."

माझ्या घरात, माझ्या हातचं जेवून ती उपाशी होती.

जठर आतड्याच्या पुढच्या भागाला जोडून नवी वाट करायची, असं ठरलं. त्याआधी आठवडाभर नाकातून नळी घालून साचलेलं काढलं, सलाईन लावलं. एका दुपारी तिनं विचारलं, "आत काय झालंय गं? नीट सांग की."

मी सांगितलं. वर्गात सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "माझ्या लेकीला समदं म्हाईत हाय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. कौतुक होतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभी राहिले.

ऑपरेशन पार पडलं. पाचव्या दिवशी आतला जोड सुटला. सातव्या दिवशी ती गेली. डॉक्टर माझ्या शेजारी बाकावर बसले. "टाके धरायला अंगात काही उरलंच नव्हतं," म्हणाले.

मी दुष्काळाला दोष देत राहिले. तंबाखूला, सोड्याला, त्याहून जास्त स्वतःला. बऱ्याच वर्षांनी, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात वाचायला मिळालं, की असे व्रण बहुतेक वेळा पोटात राहणाऱ्या एका जंतूमुळे होतात. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. माय उलट्या लपवत होती त्याच सुमारास दूर देशात कुणीतरी हा जंतू शोधून काढला होता.

घरी येऊन भावाला फोन लावला. तो म्हणाला, यंदाही पाऊस न्हाई. मी हो म्हटलं, लेकरांची चौकशी केली आणि जंतूचं काही न सांगताच फोन ठेवला.