एका भट्टीतल्या कॉलरी

शाळेच्या मास्तरांनी मागच्या आठवड्यात मला रस्त्यात गाठलं. फाटक उघडलं त्याला आता वर्ष होतंय. त्यानिमित्त ते मुलांसाठी एक पुस्तिका काढणार आहेत आणि तिच्यात माझ्या ताईची ओळख हवी आहे. "तुझ्याइतकं जवळून तिला कोणी पाहिलंय?" असं म्हणाले. पाहिलंय ना. एका खोलीत, एका गादीवर, सतरा वर्षं पाहिलंय. झोपेत ती कोणत्या कुशीवर वळते तेही लिहून देते हवं तर. फक्त एक गोष्ट मास्तरांना कुणी सांगितलेली दिसत नाही. ताईचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. लहानपणापासून दुखतं, आणि औषध सापडलेलं नाही.

ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. पण सगळं चांगलं वाटप तिच्या वेळी उरकून घेतल्यासारखं. वेणी तिची मनगटाएवढी, माझी उंदराच्या शेपटीएवढी. दुधावरची साय तिला, कारण ती धुलाईघरात कामाला जायची. मग मीही कामाला लागले. तरी साय तिलाच. का, तर ती भट्टीवर उभी असते, वाफेत. "तुझं काय, तू सावलीत इस्त्री करतेस," आई म्हणायची. तापलेली लोखंडी इस्त्री दिवसातून दहा तास फिरवणं ही आईच्या लेखी सावली होती.

पुस्तिका लहान मुलं वाचणार, त्यांना आधीचं माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते. आमचं गाव चढावर आहे. वर माथा, खाली पायथा, मध्ये फाटक. माथ्यावरच्यांची कॉलर पांढरी, आमची करडी. ती सुटी असे, सदऱ्याला किंवा पोलक्याला बटणांनी लावायची. फाटकावरचा पहारेकरी चेहरा कधी बघत नसे, गळा बघायचा. पांढरा दिसला की सलाम, करडा दिसला की "कुठे? कशाला? किती वेळ?" दवाखाना वर, वाचनालय वर, दिवसभर पाणी वर. दोन्ही रंगांच्या कॉलरी मात्र खाली आम्हीच धुवायचो. त्यासाठी दोन भट्ट्या होत्या, एक पांढरी आणि एक करडी. चिमटेसुद्धा वेगळे. एकीचा चिमटा दुसरीत बुडाला तर मुकादम दिवसभर उपाशी उभं करायचा.

माणशी दोनच कॉलरी मिळत. एक गळ्यात, एक धुलाईत. वर्षातून एकदा मोजदादीसाठी दोन्ही धुलाईघरात जमा करायच्या, आणि कॉलरीशिवाय घराबाहेर पडणं गुन्हा, म्हणून त्या दिवशी झाडून सगळं गाव घरात बसून राहायचं. माथ्यावरचेही. मोकळ्या गळ्याचा दिवस म्हणायचे त्याला. बाहेर फक्त आम्ही धुलाईघरातले कामकरी, मानेला पंचा गुंडाळून.

ज्या वर्षाची गोष्ट आहे तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मोकळ्या गळ्याच्या दिवशी सकाळी मी धुलाईघरात शिरले तर धूर एकाच भट्टीतून येत होता. दुसरी थंड. मला वाटलं मुकादमाने सरपण वाचवायचं काढलंय. पण मुकादमही इतर गावासारखा मोकळ्या गळ्याने घरी बसलेला. आत जाऊन बघते तर चाळीस बायका एका भट्टीभोवती. पांढऱ्या कॉलरींचे गठ्ठे आणि करड्या कॉलरींचे गठ्ठे एकत्रच आत ढकलत होत्या. रंगारी वरून डबे रिकामे करत होता. हा रंगारी मला आवडायचा. हे छापायचं की नाही ते मास्तरांनी बघावं. त्याच्या शेजारी काठी घेऊन, बाह्या वर करून, भट्टी ढवळत कोण उभी? आणखी कोण असणार.

"काय चाललंय?" मी विचारलं.

वाळवणावरची मावशी म्हणाली, "तुला नव्हतं सांगितलं? अगं, ताई म्हणाली, धाकटीच्या पोटात काही राहत नाही."

चाळीस जणींना माहीत. रंगाऱ्याला माहीत. कोळसा टाकणाऱ्या म्हाताऱ्याला माहीत, ज्याला स्वतःचं वय माहीत नव्हतं. आणि रोज रात्री जिच्या पाठीला पाठ लावून ती झोपते, तिला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "नंतर सांगते. आधी इस्त्री तापव." म्हणजे बंडातही मला इस्त्रीच. मी तापवली. संध्याकाळपर्यंत हजारो कॉलरी काढल्या, सगळ्या एकाच पारव्या रंगाच्या. इतक्या रागाने इस्त्री मी आयुष्यात केली नाही, आणि इतकी छान घडीही कधी पडली नव्हती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने नाइलाजाने त्याच कॉलरी लावल्या आणि फाटकावर जत्रा झाली. पहारेकऱ्याने मोठ्या न्यायाधीशांच्या बायकोला "कशाला? किती वेळ?" विचारलं आणि आमच्या गटार साफ करणाऱ्या काकाला सलाम ठोकला. काका बिचारा घाबरून उलटा सलाम ठोकत बसला. ताप आलेल्या बाळाला घेऊन एक बाई सरळ वरच्या दवाखान्यात गेली, आणि डॉक्टरांनी गळ्याकडे बघून तिला मुकाट्याने खुर्ची दिली. नवीन कापड आणून नव्या कॉलरी शिवायला महिना तरी लागणार होता. कल्पना झकास होती, हे मला मान्य करावं लागतं. करते.

दुपारी मुकादम आणि दोन शिपाई धुलाईघरात आले. आम्हाला रांगेत उभं केलं. ताई तिसरी, मी अकरावी. मुकादम म्हणाला, "हे जिच्या डोक्यातून निघालं तिचं नाव सांगा. सांगेल तिला आजच पांढरी कॉलर आणि माथ्यावर खोली. नाहीतर सगळ्याच्या सगळ्या आत जाल."

आता जे लिहिते आहे ते मास्तरांना अपेक्षित नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं ते ताईचं नाव सांगायला. पांढऱ्या कॉलरसाठी नाही. तिला एकदा, फक्त एकदा, खाली मान घालून जाताना बघायचं होतं. तोंड उघडलं आणि सहज रांगेकडे बघितलं. सगळ्या बायका ताईकडे बघत होत्या. अशा नजरेने, की माझ्याकडे तसं कधी कुत्र्यानेही बघितलं नव्हतं. मग माझ्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. शिपाई तिला नेणार. ती ताठ मानेने जाणार. बायका रडणार, रंगारी रडणार, आई तिची वाटी रोज पुसून ठेवणार. पायथ्यावर जन्मणाऱ्या प्रत्येक मुलीला तिची गोष्ट सांगणार. आणि हे सगळं तिला मिळवून द्यायचं माझ्या तोंडाने?

"मी," मी म्हटलं. "माझ्या डोक्यातून निघालं."

ताई आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. तिने मान वर केली नाही.

मला तीन वर्षं सक्तमजुरीला कोळशाच्या वखारीत घातलं. दर महिन्याला आई भेटायला यायची आणि जाळीपलीकडून ताईच्याच बातम्या सांगायची. ताईने कॉलरी सोडून इतर कपडे धुणाऱ्या तीन धुलाईघरांतल्या बायकाही जोडल्या. पांढरी भट्टी पुन्हा पेटवायची नाही असं ठरवलं. पाणी तोडलं, धान्य तोडलं, दोनदा मारलं, तरी पेटवली नाही. माथ्यावरच्यांनी घरी कॉलरी धुऊन पाहिल्या, त्या पिवळ्या निघाल्या. हळूहळू त्यांनी त्या लावणंच सोडलं, आणि गळ्यात कॉलरच दिसेना म्हटल्यावर पहारेकरी करणार काय? शेवटी फाटक उघडलं. हे ताईने केलं. माझ्याविषयी लोक काय म्हणत होते तेही आईने सांगितलं. "धाकटीने बहिणीसाठी जीव पुढे केला, केवढं प्रेम! ताईने वळणच तसं लावलंय तिला." वखारीत बसून हे ऐकायचं म्हणजे काय होतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मी फावडं आपटलं, एवढं आठवतं.

तर मास्तरांच्या सांगण्यावरून मी गेला आठवडाभर ही ओळख लिहीत होते. काल ताई आली. तिला आता कुठे ना कुठे सभेला बोलावतात, घरी क्वचितच असते.

"काय लिहितेस?"

"तुझे गोडवे."

ती गादीवर बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी तू माझं नाव सांगायला पुढे झाली होतीस."

खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्यापुढे ते मला कधीच जमलेलं नाही. "हो," मी म्हटलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू पाऊल टाकलंस तेव्हाच कळलं. तुझा चेहरा मला कळत नाही होय?" ती साडीच्या काठाशी चाळा करत होती. "आणि तू 'मी' म्हणालीस तेव्हा मला काय वाटलं, सांगू? सुटले, असं वाटलं. दोन शब्द बोलायचे होते, 'ती नाही' एवढेच. नाही बोलले. लोक म्हणतात, ताईने पुढच्या कामासाठी स्वतःला राखलं. कसलं पुढचं काम, मी घाबरले होते. पुढचं सगळं केलं ते त्या दिवसाची लाज वाटत होती म्हणून. तीन वर्षं मला तुझा हेवा वाटत होता."

हे वाक्य ऐकायला मी जन्मभर थांबले होते. ऐकल्यावर पोटात गार वाटायला हवं होतं. पण समोर बसलेल्या तिच्याकडे बघितलं तर वेणी निम्मी झालेली, हातावर माराचे वण, डोळ्यांखाली काळं. मला रडायला आलं. तिला दिसू नये म्हणून मी कागद सारखे करत बसले.

"हे लिही," ती म्हणाली. "मी कबूल केलं असं लिही."

"मुळीच नाही. तू कबूल केलंस म्हणून छापलं की लोक म्हणतील, बघा, मन किती मोठं. तेही तुझ्याच पदरात."

ती हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. "मग काय करणार?"

"मीच लिहिते. तू गप्प राहिलीस ते लिहिते, आणि मी कशाला पुढे झाले तेही लिहिते."

बसून तिच्यासमोरच ते दोन्ही भाग लिहिले आणि तिच्या हातात दिले. तिने पहिल्यापासून सगळं सावकाश वाचलं. साईचं वाचताना कपाळाला आठी पडली, रंगाऱ्याचं वाचून माझ्याकडे एकदा बघितलं. शेवटची दोन पानं तिने दोनदा वाचली.

"माझं ठेव," ती म्हणाली. "तुझं काढून टाक. लोकांना वाटतंय तू बहिणीसाठी केलंस, तर वाटू दे. उगाच तुझं वाईट दिसेल."

"दिसू दे," मी म्हटलं. "एकदा तरी दोघींचं सारखं दिसू दे."