थांब म्हटलं की थांबणाऱ्या बाई

त्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एमआरआयचं मशीन होतं, आणि ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मशीनबाई म्हणत. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगांचा चष्मा, पायात आवाज न करणारे बूट, आणि चेहरा असा, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं आपण नक्की काहीतरी सांडलंय. मुलांचे गालगुच्चे घेणं नाही, लाडे लाडे बोलणं नाही. मुलांच्या वॉर्डातली सगळ्यात अवघड मुलं नेमकी यांच्याकडेच का धाडतात, हे कोडं छोट्या डॉक्टरांना काही सुटत नव्हतं.

छोटे डॉक्टर वॉर्डात नवे होते. वॉर्डाचे मोठे डॉक्टर वेगळे, म्हणून हे छोटे. मुलांशी बोलण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. खिशात चूं चूं करणारं रबरी बदक असे, आणि सुई टोचताना एक ठरलेलं वाक्य, "मुंगी चावेल फक्त हं!" या वाक्यावर त्यांचा फार जीव होता. त्या वाक्यानेच त्यांचा घात केला.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ते भिंगरीला ऐकवलं होतं. सात वर्षांची ही पोर घरात एका जागी पाच मिनिटं टिकत नसे, म्हणून आजोबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलेलं. त्या दिवशी शीर सापडेना. मुंगी एकदा चावली, दोनदा चावली, चार वेळा चावली. भिंगरीने रडणं थांबवून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं, "हे काका खोटारडे आहेत." तेव्हापासून पांढरा कोट दिसला की ती चादर डोक्यावरून ओढून घेई, आणि बदकाकडे तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

बरं, प्रकरण नुसतं रुसव्याचं असतं तर निभावलं असतं. भिंगरीच्या पाठीचा कणा जन्मापासून वाकडा. तो आता आतल्या नसांवर दाबत होता आणि महिन्याभरात ती चालताना अडखळायला लागली होती. ऑपरेशन लवकर व्हायला हवं होतं, आणि त्याआधी दाब नेमका कुठे आहे ते मशीनच्या फोटोत दिसायला हवं होतं. एवढ्या लहान मुलांना बहुतेक वेळा भूल देऊनच फोटो काढतात. पण हिची छाती त्या कण्यापायी दबलेली, त्यात नुकताच न्यूमोनिया होऊन गेलेला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, नुसत्या फोटोसाठी मी हा धोका घेणार नाही. जागेपणी जमत असेल तर बघा, नाहीतर सहा आठवडे थांबा. सहा आठवड्यांत तिच्या पायांचं काय होईल, ते कोणी बोललं नाही. भिंगरीला बोटही न हलवता चाळीस मिनिटं पडून राहायचं होतं.

सकाळी दहाला बाबा तिला घेऊन तळघरात आले. मागोमाग छोटे डॉक्टरही उतरले. आपल्यामुळे पोर बिथरली आहे, ही बोच त्यांच्या मनाला लागलेलीच होती.

"पाच मिनिटांत होतं बाळा," बाबा म्हणत होते. "कळत पण नाही."

"पाच नाही, चाळीस," मशीनबाई म्हणाल्या. बाबांचा चेहरा पडला. बाई त्यांना सोडून सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या, म्हणजे त्यांचे डोळे भिंगरीच्या डोळ्यांसमोर आले.

"दुखणार?" भिंगरीने विचारलं.

"मशीनने नाही दुखणार. पण पाठ अवघडेल. कंटाळा येईल. आणि आवाज भयंकर."

"म्हणजे कसा?"

मग पन्नाशीच्या त्या गंभीर बाईंनी चष्मा सावरला आणि तोंडाने मशीनचे आवाज काढायला सुरुवात केली. एकूण सहा फेऱ्या, सहा आवाज. पहिला सुताराच्या हातोडीचा. दुसरा दात किटकिटवल्यासारखा. तिसरा अडकलेल्या भोंग्याचा, तोही पूर्ण दमात, गाल फुगवून, मान ताठ करून. छोट्या डॉक्टरांना हसू आवरेना, म्हणून ते भिंतीकडे वळले. भिंगरी मात्र हसली नाही. तिने कान देऊन सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तिसरा परत काढ."

बाईंनी परत काढला.

मग त्यांनी तिच्या हातात नळीला जोडलेला एक रबरी फुगा दिला. "हा दाबलास की मी थांबवणार."

"कधी पण?"

"कधी पण."

"लगेच?"

"लगेच."

"खोटं."

"असेल," बाई म्हणाल्या. "ते तू ठरव."

पोरीला आयतं कोलीत दिलं, छोट्या डॉक्टरांच्या मनात आलं. पण त्यांना बोलायची सवड मिळाली नाही, कारण तोवर बाईंनी भिंगरीला तपासनीस नेमलं होतं. मशीनच्या खोलीत लोखंड न्यायचं नाही. मशीन ते खेचून घेतं. तेव्हा दारातून जो कोणी आत येईल त्याची झडती भिंगरी घेणार. तिने बाबांना दोन मिनिटांत मोकळं केलं. छोट्या डॉक्टरांवर मात्र तिचा खास राग. घड्याळ काढायला लावलं, पेन, किल्ल्या, पट्टा, सगळं टोपलीत. बदक रबराचं होतं, तरी संशयावरून तेही जप्त. दोन्ही हातांनी पँट धरून उभ्या असलेल्या डॉक्टरांना तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आता या."

कानांवर मोठे हेडफोन चढवून भिंगरी आत गेली. बाबा तिच्या पायाला हात लावून उभे राहिले. मशीनबाई आणि छोटे डॉक्टर शेजारच्या खोलीत, काचेच्या अलीकडे आले.

"पहिली फेरी. चार मिनिटं. हातोडी," बाई माईकवर म्हणाल्या. ठक ठक सुरू झालं. "दुसरी फेरी. सहा मिनिटं. दात." प्रत्येक वेळी खरी मिनिटं आणि खरा आवाज. छोटे डॉक्टर असते तर त्यांनी 'झालंच, झालंच' चा घोशा लावला असता. पडद्यावर फोटो उमटत होते, स्वच्छ, एकही रेघ पुसट नाही. भिंगरी नावाची ती पोर दगडासारखी पडून होती. डॉक्टरांनी तोंडात बोट घालायचंच बाकी ठेवलं.

"तुम्हाला कसं जमतं हो हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"दर महिन्याला मशीनची तपासणी असते, तेव्हा मी स्वतः आत झोपते," बाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली. नाहीतर विसरायला होतं, आत कसं वाटतं ते."

पाचवी फेरी सात मिनिटांची. सगळ्यात महत्त्वाची हीच, दाबाची जागा तिच्यातच दिसणार होती. सहा मिनिटं झाली. एक उरलं. आणि फुग्याची घंटा वाजली.

"थांबवू नका!" छोटे डॉक्टर जवळजवळ ओरडले. "एकच मिनिट राहिलंय बाई! सगळं वाया जाईल!"

त्यांचं वाक्य संपायच्या आत मशीन बंद झालं होतं. बाईंनी घंटा ऐकली आणि बोट आपोआप बटणावर गेलं, मधे विचार करायला जागाच नाही. सहा मिनिटांचं काम पाण्यात. बाई आत गेल्या, भिंगरीला बाहेर ओढलं. डॉक्टर पँट सावरत दारापर्यंत धावले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," भिंगरी म्हणाली. "बघत होते, थांबवतेस का."

डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा आठवडे, पाय, ऑपरेशन, आणि ही बया बघत होती! बाबा तर आता रागावणार, एवढ्यात मशीनबाईंनी त्यांना नजरेनेच गप्प केलं.

"मग? थांबवलं का?"

"हो."

"आता ही फेरी पहिल्यापासून करावी लागेल. सात मिनिटं. करू?"

भिंगरीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच मान सरळ केली, डोळे मिटले आणि म्हणाली, "कर."

पुढची सात मिनिटं आणि त्यानंतरची आठ, भिंगरीची पापणीसुद्धा हलली नसेल. छोटे डॉक्टर काचेला नाक लावून बघत होते. आयुष्यात त्यांनी मोठमोठ्या शस्त्रक्रिया पाहिल्या होत्या, पण असं काही पाहिलं नव्हतं. पडद्यावर दाबाची जागा दिसली, बोट ठेवून दाखवावी इतकी स्पष्ट. मशीनबाईंनी चष्मा पुसला आणि पुढच्या पेशंटचा कागद घेतला.

आता राहिलं तपासणीचं रक्त. ऑपरेशन लवकर धरायचं तर ते आजच वर प्रयोगशाळेत जायला हवं होतं.

"बाई, तुम्ही जरा..." छोटे डॉक्टर चाचरले. "ती तुमचं ऐकते."

"ते काम तुमचं," बाई म्हणाल्या, आणि आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

डॉक्टर स्टुलावर बसले नाहीत. फरशीवर बसले. भिंगरीने टोपलीतून त्यांचं घड्याळ उचलून मुठीत धरलं होतं आणि त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"मागच्या वेळी मी मुंगी म्हणालो," ते म्हणाले. "ते खोटं होतं. हे दुखतं. दहा आकडे मोजेपर्यंत दुखेल. मी एकदाच टोचेन. शीर नाही सापडली, तर पुन्हा तुला विचारल्याशिवाय नाही."

"आणि मी थांब म्हटलं तर?"

"थांबेन."

तिने उजवा हात पुढे केला. डॉक्टरांनी दंडाला पट्टी बांधली, बोटाने चाचपलं. शीर मिळाली, अगदी हवी तशी, टपोरी. अशी पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. सुई कातडीला टेकणार, तोच ती म्हणाली, "थांबा."

डॉक्टरांनी सुई मागे घेतली. पट्टी सोडली. शीर हळूहळू बुडून गेली, ती त्यांना दिसत होती. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. दारात पुढचा पेशंट येऊन उभा राहिला, मशीनबाईंनी त्याला बाकावर बसायची खूण केली. बराच वेळ गेला.

मग भिंगरीने हात पुन्हा पुढे केला. "टोचा."

डॉक्टरांनी पुन्हा पट्टी बांधली, शीर शोधली आणि एकदाच टोचलं. ती स्वतः मोजत होती. एक, दोन, तीन. डोळ्यांत पाणी, पण हात हलला नाही. नऊ, दहा. नळी अजून भरत होती. अकरा, बारा.

"चौदा झाले," सुई निघाल्यावर ती म्हणाली.

"हो," छोटे डॉक्टर म्हणाले. "माझा अंदाज चुकला. चौदा लागले."

भिंगरीने कापूस दाबून धरला आणि थोडा विचार केला. मग मूठ उघडून त्यांचं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "आणि ऑपरेशनच्या दिवशी तुम्हीच या."