तिसऱ्या ओळीतलं घोरणं

थांगकाका गेल्याचा त्यांच्या मुलीचा, लानचा, मेसेज आला तेव्हा मी स्लोटरडाइकच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. पहिला विचार आला तो हा, की आता ती कविता फक्त माझ्याकडे आहे... आणि धसक्यानं मी ती तिथेच पुटपुटून पाहिली. मॅनेजरला वाटलं, सर्व्हर चालू राहावा म्हणून देवाचा धावा चाललाय.

नीउ-व्हेनेप या डच गावात आमच्या शेजारी राहणारे थांगकाका व्हिएतनामचे कवी. सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून आठ वर्षं तुरुंगात काढून इथे आलेले. कोठडीतला मित्र वारला, त्याच्यावर त्यांनी आठ ओळी रचल्या, पण कागदावर कधी उतरवल्या नाहीत. "कागद झडतीत सापडतो," हे ते नीउ-व्हेनेपमध्येही गंभीरपणे सांगायचे. पुढे नावं आठवेनाशी झाली, तेव्हा त्यांनी कविता कुणाच्या तरी डोक्यात ठेवायचं ठरवलं. लान म्हणाली, "बाबा, फोनवर रेकॉर्ड करू की," आणि तिथेच नापास झाली. मी लहानपणी अर्थ न कळता स्तोत्रं घोकलेली पुणेकरीण, त्यामुळे माझी निवड झाली.

परीक्षा दर मंगळवारी सकाळी, कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेताना. काम करताना पुटपुटणाऱ्याचा पहारेकऱ्यांना संशय येत नाही म्हणे. मी हिरवा डबा ओढत स्तोत्राच्या चालीत व्हिएतनामी म्हणायचे आणि चुकलं की काका आपल्या राखाडी डब्याचं झाकण आपटायचे. समोरच्या डच आजींनी माझ्या नवऱ्याला विचारलं, तुमच्यात कचऱ्याची पूजा असते का? तो खुशाल "हो" म्हणाला.

हॉस्पिसमधल्या शेवटच्या भेटीत काकांनी मला ओळखलं नाही. मी कविता म्हटली. त्यांनी कान देऊन ऐकली.

"कुणाची?"

"तुमची, काका."

"छे! पण बरी आहे. फक्त कवीला तिसरी ओळ काढायला सांगा. मेलेल्या माणसाच्या कवितेत घोरणं कशाला?"

त्या ओळीचा अर्थ त्यांनीच मला सांगितला होता: तुझ्या घोरण्यानं पहारेकऱ्यांचीही झोप उडायची. मी तिथे हसले आणि बाहेर येऊन खूप रडले.

आता कवीचं ऐकायचं की कवितेचं? गेल्या मंगळवारी लान घर आवरायला आली. डबे ओढता ओढता मी तिला सगळं सांगितलं. ती रस्त्यातच थांबली.

"ती ओळ काढली तर त्या बिचाऱ्याचं उरतं काय?" ती म्हणाली. "राहू दे. बाबाही तसाच घोरायचा..."

रेकॉर्डिंगसाठी काढलेला फोन तिनं खिशात ठेवला. "म्हण तू. मी पाठ करते."

दुसऱ्याच ओळीला ती अडखळली. मी काकांच्या राखाडी डब्याचं झाकण आपटलं.