वसंतदादाची पकड

परवा कट्टा गावच्या मैदानावर कबड्डीसाठी पाणी मारत होते. ओल्या तांबड्या मातीचा वास आला आणि मला धामापूरचा वसंतदादा आठवला. तो कोपऱ्यात खेळायचा. चढाईला आलेल्याचा पाय एकदा धरला की सोडत नसे. त्या पकडीवरच मुंबईतल्या एका कंपनीने त्याला संघात घेऊन नोकरी दिली होती. खेळून पगार मिळवणारा आमच्याकडचा तो पहिलाच.

एकदा सुट्टीत गावी आला असताना तो आमच्याविरुद्ध खेळला. मी चढाईला गेलो आणि त्याने माझा घोटा धरला. मी सगळा भार टाकून मध्यरेषेकडे झेपावलो. माझी बोटं रेषेला लागली, तेवढ्यात माझ्याखाली त्याचा गुडघा कडकन वाजला.

मातीत पडल्या पडल्या, दात आवळून त्याने विचारलं, "तुका खंय लागला नाय मा रे?"

"नाय," म्हणालो आणि नाचणाऱ्या सोबत्यांत पळालो.

तो पुन्हा खेळला नाही. नोकरीही गेली. पुढे काजूच्या बागेत लंगडत काम करताना दिसायचा, मला बघून हसायचा. गेल्या वर्षी तो वारला.

ती माझी सगळ्यात मोठी चढाई, असं मी कित्येक वर्षं सांगत आलो. त्याला किती लागलंय, हे मात्र मी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही.