लाल रेघेपर्यंत

करडीहून मोहाडीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती रोज माझ्या पुढच्या बाकावर बसायची. पन्नाशीची, रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, मजुरीला जाणारी. नखांत कालचा चिखल तसाच. काच तडकलेल्या मोबाइलवर ती हिंदीत बोलणारं जपानी कार्टून पाहायची. चार सोबती राक्षसांच्या राजाला मारायला निघालेले. तलवारी, जादू, उडणारे साप. मला हसू यायचं, आणि तिच्या खांद्यावरून डोकावल्याशिवाय राहवतही नसे.

मग लक्षात आलं, ती रोज तोच भाग पाहते. बर्फात सोबतीण जखमी होऊन पडते, बाकीचे तिघं थबकतात, आणि ही मोबाइल बंद करते.

"मावशी, पुढचं नाही पाहत?"

"माह्या पोरीचा मोबाइल होय हा, भाऊ. तापानं गेली ते." तिनं पडद्यावरच्या लाल रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "तिनं इथवरच पाह्यलं होतं. रोवण्यात एकीची पात मागं राह्यली तं बाकीच्या थांबतेत. मग मी एकटी कशी पुढं जाऊ? अन् पाहा ना, हे बी तं थांबलेच हायेत तिच्यासाठी."

त्या रविवारी मी घरी पुढचा भाग पाहिला. ते तिघं तिच्या अंगावर बर्फ लोटतात आणि चालू लागतात. एकही जण मागे वळून पाहत नाही.

सोमवारी ती नेहमीच्या जागी होती. मी पार मागच्या बाकावर जाऊन बसलो.