डहाळीपलीकडची वस्ती

चोपड्याच्या केळीबागा मागे पडल्या आणि समोर सातपुडा उभा राहिला. जळगावहून निघताना मी पिशवीत पाण्याआधी नकाशा कोंबला होता. जुन्या मोजणीच्या नकाशाची प्रत; तिच्यात डोंगरातली ठिपक्यांची पायवाट आणि टोकाला वस्तीची बारीक खूण. असे नकाशे दिसले की मला तहानभूक राहत नाही.

सोबत पायथ्याच्या गावातले नाना होते. ती वस्ती त्यांच्या आज्याची (आजोबांची). पटकीच्या साथीत बरीच माणसं गेली, उरलेली खाली उतरली, पुन्हा कुणी वर गेलं नाही. नाना पायथ्याशी वनजमीन कसतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, हे वनहक्काच्या दाव्यात दाखवायला त्या वस्तीचा फोटो हवा होता. नाहीतर जमीन हातची जाणार होती.

पहिल्या फाट्यावर चुकीच्या वाटेवर पळसाची डहाळी आडवी ठेवलेली, वर दगड. पुढे गेलेला माणूस मागच्यांसाठी अशी खूण करतो : इकडे येऊ नका.

“चला, पुढे कुणीतरी आहे,” मी खुशीत म्हणाले.

“आठे कोनी येत नही,” (इथे कुणी येत नाही) नाना म्हणाले.

पुढच्या प्रत्येक फाट्यावर डहाळी होती. भर उन्हात पानं मात्र टवटवीत. पाखरांचा आवाजही थांबला होता. तरी “नकाशा बरोबर आहे हं” अशी बडबड मी चालूच ठेवली.

शेवटच्या फाट्यावर डहाळी वस्तीच्याच वाटेवर होती. नानांनी चपला काढून हात जोडले.

“आज्या, राग नको मानू. पोरेसले जमीन पाहिजे.” (पोरांना जमीन हवी.)

डहाळी हलकेच बाजूला ठेवून ते पुढे निघाले.

वर घरांची जोती होती, चुलींचे काळे दगड होते. मी मोबाईल काढला, तर नाना एका कडेला जाऊन उभे राहिले.

“नाना, मधे या ना.”

“ताई, थोडं मांगे सरका. बठ्ठा जन येवाले पाहिजे.” (सगळे जण आले पाहिजेत.)

मी मागे सरले. मला फार भीती वाटत होती.

परतताना एकच विचार मनात होता. मोजणीवाल्यांनी वाट आखली, वस्तीची खूण केली. माणसं कागदावर आलीच नव्हती.

जळगावात फोटो छापायला दिला. दुकानदार म्हणाला, “बाजूची रिकामी जागा कापू का?”

“नको,” मी म्हणाले. “एकालाही कापू नका.”