सासऱ्यांची कंबर आणि माझा घोटा

लग्न होऊन मी पारोळ्याहून सावद्याला आले तेव्हा मोठी लढाई नुकतीच संपली होती. सासरी केळीचा मळा होता. घरात माणसं चारच: सासरे, सासूबाई, हे आणि मी. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं आणि सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तसंच म्हणायला लागले. म्हणजे मनात म्हणायला लागले. आबांसमोर तोंड उघडायची पद्धतच नव्हती. पदर नाकापर्यंत ओढायचा, चहाची कपबशी पुढे ठेवायची आणि बांगड्या जरा वाजवायच्या, म्हणजे त्यांना कळायचं की चहा आला. त्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी माझा आवाज ऐकलेलाच नव्हता.

उन्हाळ्यात मळ्यात कापणी चालली होती. सावदा स्टेशनावर मालाचे डबे लागले होते आणि माणसं कमी पडत होती. आबा स्वतः पुढे झाले. एक भला मोठा घड त्यांनी वाकून उचलला, तसेच अर्ध्यात वळले आणि वळले तिथेच राहिले. गड्यांनी घड काढून घेतला, पण आबा सरळ होईनात. बैलगाडीतून त्यांना घरी आणलं तेव्हा ते काहीतरी शोधत असल्यासारखे वाकलेलेच होते. बाजेवर आडवं करताना असे ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

मग उपचार सुरू झाले. निरगुडीचा पाला बांधला, तापलेल्या विटेचा शेक दिला, तेल चोळलं. बघायला येणारा प्रत्येकजण नवीन इलाज सांगून जायचा. आबा बाजेवरून हलत नव्हते. कूस बदलायची तरी दोघं लागत. अशात शेजारच्या म्हातारीने अक्कांना विचारलं, "गावात कोणी पायाळू नही का व?"

ज्याचे जन्मताना पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने दुखऱ्या कंबरेवर लाथ मारली की उसण उतरते असं आमच्याकडे सगळे मानायचे. अक्का म्हणाल्या, कोणी नाही. मग थबकल्या आणि हळूच मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. लग्न ठरवताना माझ्या आईने कौतुकाने सांगून टाकलं होतं, की आमची पोर पायाळू आहे.

"मी नाही बाई! आबांना लाथ मारू?" मी हळूच म्हटलं आणि चुलीजवळ जाऊन बसले.

हे तर लाजून मळ्यातच निघून गेले. पण अक्कांनी तोड काढली. आधी आबांच्या पाया पडायचं, मग तोंड भिंतीकडे करून लाथ मारायची, मग परत पाया पडायचं, म्हणजे पाप लागणार नाही. आबांना कळलं तेव्हा त्यांनी आधी स्वतःच कुशीवर वळून पाहिलं, जमलं नाही. दुखणं फारच असणार, कारण शेवटी म्हणाले, "मारू दे. पण दार लावून घ्या."

दार लावलं. आबा पालथे झोपले, त्यांच्या कंबरेवर घोंगडी टाकली. मी पाया पडले, भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि पाय टेकवला.

"मारली का?" आबांनी विचारलं.

"मारली म्हणते," अक्का म्हणाल्या. मी काहीच म्हटलं नव्हतं.

"मले तं समजलंच नही. एकडाव अजून. जोरात."

मी जोर केला. डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे पाय कंबरेवर न जाता बाजेशेजारच्या पाण्याच्या हंड्यावर बसला. हंडा कलंडला, पाणी वाहिलं, मी त्या पाण्यावर घसरले आणि घोटा मुरगाळून खाली आपटले. आबांना हसू आलं. पण हसलं की कंबरेत कळ यायची. "हा हा, अगं आई गं! हा हा, मेलो!" असं त्यांचं चाललं. अक्का तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकल्या. मी जमिनीवर ओल्या लुगड्यात रडत होते, आणि रडता रडताच मलाही हसू फुटलं. आबांनी माझा पहिला आवाज ऐकला तो हा.

दुसऱ्या दिवशी माझा घोटा वांग्याएवढा फुगला. आता घरात दोन दुखणाईत झाले.

अक्कांचं माहेर जळगावात होतं. त्यांच्या माहेरच्या गल्लीत एक नर्सबाई राहायला आल्या होत्या. लढाईच्या काळात पुण्याला जखमी शिपायांच्या इस्पितळात त्यांनी काम केलं होतं. हातपाय आखडलेल्या, पाठ धरलेल्या शिपायांना शेक देऊन, मालीश करून, व्यायाम करून घेऊन परत चालतं करायचं, हे त्यांचं काम. आमच्या भागात हे कुणी ऐकलेलंही नव्हतं. यांनी ठरवलं, दोघांनाही तिकडे न्यायचं. अक्का सोय करायला आदल्या दिवशीच माहेरी पुढे गेल्या.

बैलगाडीत गादी घातली, त्यावर आबांना सरळ आडवं केलं आणि ऊन लागू नये म्हणून वरून पांढरी चादर पांघरवली. त्यांच्या पायाशी मी, घोट्याला फडकं बांधून, पदर डोळ्यांवर ओढून. आम्ही स्टेशनकडे निघालो. वाटेत एक माणूस थांबला आणि त्याने टोपी काढली. मग दुसऱ्याने काढली. पाणी भरणाऱ्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. एक म्हातारा गाडीबरोबर चालत यांना म्हणाला, "काय सोन्यासारखा मानूस होता! कोनाले कधी वाकडं बोलला नही."

हे लाजाळू, ते नुसते बैलांकडे बघत राहिले. चादरीखाली आबा अगदी निपचित पडून होते. नंतर कबूल केलं की त्यांना आणखी ऐकायचं होतं. मी हसू दाबायला गुडघ्यांत डोकं घातलं, तर एक बाई म्हणाली, "पाह्य बिचारी सून कशी रडते." तेवढ्यात म्हातारा पुढे म्हणाला, "जरा चिक्कू होता, पन मनानं चांगला."

चादर फाडकन बाजूला झाली. "चिक्कू कोन रे? जित्ता हाये मी!"

म्हातारा उडी मारून मागे झाला आणि आबा पुन्हा "हा हा, अगं आई गं" करायला लागले. स्टेशनावर मालाच्या डब्यांत केळी भरणारे ओळखीचे हमाल होते. त्यांनी आबांना नवा घड उचलावा तसं अलगद, कुठेही धक्का न लावता गाडीत चढवलं. भुसावळ येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघून पोट दुखेपर्यंत हसत होते.

नर्सबाई चाळिशीच्या असाव्यात. पांढरं पाचवारी पातळ, मनगटावर घड्याळ, आवाज खणखणीत. त्यांनी मला म्हटलं, "तू थांब. आधी हे." मग आबांना विचारलं, "कुठे दुखतंय?"

"बठ्ठीकडे."

"सगळीकडे नको. नेमकं बोट ठेवून दाखवा."

आबांनी बोट ठेवलं. बाईंनी एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, तळव्यांना बोट लावून कळतंय का विचारलं, पायाच्या अंगठ्याने आपला हात ढकलायला लावला. मग म्हणाल्या, "पायात ताकद आहे, बधिरपणा नाही. हाड मोडल्यासारखं काही दिसत नाही. पाठीचे स्नायू आवळून बसलेत, ते सोडवायचे. घाबरू नका, बरे व्हाल."

"म्हंजे झोपून राहू?"

"झोपून राहिलात तर ते तसेच आवळलेले राहतील. थोडं चालायचं, थोडा व्यायाम, थोडा आराम. उद्या सकाळी पायजमा घालून या. धोतरात जमणार नाही."

आबांनी जन्मात पायजमा घातला नव्हता. अक्कांच्या भावाचा आणला, तो आखूड निघाला. पिंढऱ्या उघड्या टाकून आबा दारात उभे राहिले आणि अक्का इतक्या मोठ्याने हसल्या की आपलाच आवाज ऐकून दचकल्या.

बाईंनी शिकवलं ते असं. उताणं झोपून एक गुडघा हळूच छातीशी घ्यायचा, थोडं थांबायचं, सोडायचा, मग दुसरा. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची. हातागुडघ्यांवर उभं राहून पाठ मांजरासारखी वर न्यायची आणि खाली सोडायची. श्वास कोंडायचा नाही. दुखणं वाढलं तर थांबायचं. माझा घोटा त्यांनी दाबून, फिरवून पाहिला, पट्टी घट्ट बांधली, पाय उशीवर ठेवायला सांगितला. सूज उतरल्यावर अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवायची आणि पुढे खांब धरून त्या एका पायावर उभं राहायचं.

सावद्याला परत निघताना बाईंनी विचारलं, "घरी यांच्याकडून हे करून कोण घेणार?" आमच्या यांनी मान खाली घातली. अक्का म्हणाल्या, "माझं ते ऐकत नहीत." बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "मग ही. हिलाही करायचंच आहे. काय गं, बोलता येतं ना?"

मी पदराआडून आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "येतं तिले. हंडा पाडला तवा ऐकलं मी."

अशी माझी जीभ सुटली. रोज सकाळी ओसरीवर एका बाजूला आबा आणि दुसऱ्या बाजूला मी. सुरुवातीला मी जेमतेम दोन शब्द बोलायचे. "आबा, गुडघा." मग "आबा, गुडघा वर घ्या." आणि काही दिवसांतच मी चक्क ओरडायला लागले, "आबा, श्वास कोंडलात! सोडा!" आणि आबा फुस्स करून श्वास सोडायचे. ज्या माणसाच्या खाकरण्याने गडी उठून उभे राहत, तो माणूस माझ्या शब्दावर पाठ वरखाली करत होता. मला तर जमिनीवरून बोटभर वर चालल्यासारखं वाटायचं. तेही मला सोडत नसत. मी एका पायावर डगमगले की म्हणायचे, "सूनबाई, खांब पडंन हो."

एकदा मांजराचा व्यायाम चालू असताना केळीचे व्यापारी आले. आबा हातागुडघ्यांवर ओसरीच्या मधोमध. व्यापारी दारात थबकले, मग घाईने चपला काढून तेही खाली बसले आणि जमीन चाचपायला लागले. "काय पडलं, आबा? अंगठी का?" आबांनी मान वर केली नाही. गंभीरपणे म्हणाले, "पाहा बरं, त्या कोपऱ्यात असंन." बिचारे कोपऱ्यापर्यंत रांगत गेले. मी स्वयंपाकघरात पळाले.

पंधरवडा उलटला तसे आबा काठी न घेता मळ्यात जाऊ लागले. आणि तिथेच घोटाळा झाला. गड्यांना दाखवायचं म्हणून त्यांनी पहिल्यासारखाच वाकून घड उचलला. परत तीच कळ. या वेळी घरी आणलं तेव्हा ते ओरडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी मी ओसरीवर येऊन बसले, ते आलेच नाहीत.

मी आत गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "राहू दे पोरी," ते म्हणाले. "मी आता बाजेवरचाच मानूस. मळा पोराले पाहू दे."

अशा वेळी काय करायचं ते बाईंनी शिकवलं नव्हतं. मी बाजेजवळ खाली बसले आणि म्हणाले, "आबा, मागच्या खेपेला तुम्हाला कूस बदलता येत नव्हती. आत्ता तुम्ही आपले आपण भिंतीकडे वळलात. मी पाहिलं."

थोड्या वेळाने त्यांनी एक पाय दुमडला. मग गुडघा हळूच छातीकडे घेतला. मी श्वास सोडायची आठवण करून दिली.

यांनी जळगावला जाऊन बाईंना आणलं. बाईंनी आबांना तपासलं, आणि न रागावता मळ्यात नेऊन सगळ्या गड्यांसमोर उचलायचं कसं ते दाखवलं. पाय फाकवून उभं राहायचं, गुडघ्यांत वाकायचं, ओझं पोटाशी घ्यायचं, आणि वळायचं असेल तर कंबर न पिळता पावलं टाकून वळायचं. एक लहानसा घड उचलून त्या सहज उभ्या राहिल्या. गडी हसले आणि मग गंभीर होऊन तसं करून पाहायला लागले. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बाया आमच्या ओसरीवर जमल्या. कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा, कुणाची मान. बाई एकेकीला पाहत होत्या आणि मी प्रत्येकीचे व्यायाम पाठ करून घेत होते. शेवटी दहाबारा बाया एकदम खांदे गोल फिरवायला लागल्या. बांगड्यांचा असा गजर झाला की आबा बाहेर येऊन विचारते झाले, "आज कोनाचं लगीन?"

पावसाळ्याआधी मला माहेरी जायचं होतं. आबा म्हणाले, मीच पोचवतो. आगगाडी, मोटार, पुन्हा बैलगाडी असा प्रवास करून आम्ही पारोळ्याला उतरलो, आणि आबा स्वतःची वळकटी बगलेत मारून ताठ चालत आमच्या दारात आले. माझ्या वडिलांनी उठून स्वागत करायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून खाली बसले. पेरणीपूर्वीच्या कामात त्यांचीही पाठ धरली होती.

आबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "व्याहीबुवा, पायात मुंग्या येतात का? अंगठ्यानं माझा हात लोटा बरं." सगळं विचारून झालं. मग हात धुवायच्या आधीच आबांनी सतरंजी अंथरायला लावली, वडिलांना उताणं झोपवलं आणि शेजारी स्वतः झोपले. दोघांनी एकदम गुडघा छातीशी घेतला.

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली ती उंबऱ्यातच थांबली. "हाई काय चाली राहिनं व माय?" तिने मला विचारलं.

"वडिलांनी श्वास कोंडलाय," मी म्हणाले आणि पदर खोचून पुढे झाले.